गाळ्यातली बोट

माझे सासरे बोटीशी बोलायचे. हौसेनं नाही आणि भक्तीनंही नाही. बोट मी चालवायचे, आणि सुनेशी थेट तोंडानं बोलायचं नाही असा त्यांचा नेम होता, म्हणून.

"बोटे, जरा डावीकडं व्हय. बोटे, लई जोरात यायलीस. बोटे, तुला भित दिसत न्हाई का?"

मी स्टिअरिंगवर, ते भिंतीवर, आमच्या दोघांत चार हात पाणी, आणि हा माणूस फायबरच्या सांगाड्याला समजावून सांगतोय. बघणाऱ्यांना त्यात गंमत वाटायची. लोक मला अजून हसत हसत विचारतात, "काय वो, आप्पा बोटीला काय म्हनायचे?" मला हसू येत नाही. आठवलं की आजही कानशिलं तापतात.

गावाचे ते आप्पा. माझे मामंजी. त्यांना मी 'मामा' म्हणायचं, पण म्हणायची वेळच यायची नाही, कारण मीही त्यांच्याशी थेट बोलायचं नाही, हा त्याच नेमाचा उरलेला अर्धा भाग होता. सगळे निरोप आत्याबाईंमार्फत, म्हणजे माझ्या सासूबाईंमार्फत जायचे. तीन माणसं एकाच खोलीत, गुडघ्याला गुडघा लागेल अशी बसलेली. मामंजी म्हणायचे, "सुनबाईला म्हनावं, चहात साखर कमी हाय." आत्याबाई माझ्याकडे वळून, "साखर कमी हाय म्हनतेत." मी म्हणायचे, "घालते म्हणावं." आत्याबाई तिकडे वळून, "घालती म्हनती." शेजारच्या घरातले सासरे सुनांना मोबाईलवर सकाळी सकाळी गुलाबाची फुलं पाठवतात, आणि आमच्याकडे हे. साखरेपुरतं ते चालून जातं. बोट आत घेताना चालत नाही. वारा काही निरोप पोचेपर्यंत थांबत नाही, हे मी आत्याबाईंमार्फत कितीदा तरी कळवलं होतं.

आमचं हार्डवेअरचं दुकान घाटनांदूरला; ते माझे यजमान सांभाळायचे, सकाळी गेले की रात्रीच घरी यायचे. मूळ गाव मात्र धरणाकाठचं. धरण झालं तेव्हा शेत पाण्याखाली गेलं आणि काठाला एक चिंचोळा तुकडा तेवढा शिल्लक राहिला. त्या तुकड्यावर मामंजींचा जीव. कोणी म्हणालं विका, कोणी म्हणालं बाभळी वाढू द्या. मग एकदा पाहुण्यांबरोबर कुठल्याशा तलावावर फिरायला गेले, मोटारबोटीत बसले, आणि परत आले ते ठरवूनच. धरणानं आपलं शेत नेलं ना, मग आता धरणाच्या डोक्यावर बसून धंदा करायचा. जुनी पण दणकट बोट आली. पंधरा-वीस माणसं सहज बसतील अशी, मागे भलंमोठं इंजिन.

इथपर्यंत मी त्यांच्या बाजूनं आहे. पुढे त्यांनी बोटीला गाळा बांधला.

गाळा म्हणजे बाजारात दुकानाला असतो तो गाळा. काठ खोदून आत पाणी घेतलं, दोन्ही अंगांना सिमेंटच्या भिंती, मागे भिंत, आणि पुढे चक्क लोखंडी शटर. का, तर माल रात्री बाहेर ठेवायचा नसतो. आणि रुंदी किती, तर बोट अधिक दोन्ही बाजूंना एकेक वीत. मिस्त्रीनं विचारलं, "आप्पा, एवढं आवळून कावून?" तर म्हणाले, "मोकळी जागा सोडली की टपरी लागती."

पाण्यात टपरी! पण त्यांचं आयुष्य बाजारपेठेत गेलेलं. दुकानापुढे हातभर जागा सोडली की तिथे पानवाला बसतो, पानवाल्याशेजारी चप्पलवाला, आणि मग कोर्टात तारखा, हे त्यांनी उभ्या जन्मात पाहिलेलं. त्यामुळे रिकामी जागा दिसली की त्यांना चैन पडायचं नाही. घरात कपाट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत ते चादरी कोंबत. स्कूटर भिंतीला अशी घासून लावत की परत काढताना आरसा तुटे. पंगतीत बसले की शेजारच्याला ताटावरून हात उचलता येऊ नये. एस.टी.त बसताना पिशवी, छत्री आणि स्वतः मिळून दोन माणसांची जागा भरून टाकत, आणि वर शेजारी कोणी बसलं नाही याचा त्यांना आनंद. अशा माणसानं माझ्या बोटीचा धक्का बांधला होता.

'माझ्या' म्हटलं, कारण मला ती हवी होती. माझे वडील पाटबंधारे खात्याच्या लाँचवर होते. धरणाच्या वसाहतीत मी वाढले. बाकीच्या मुली सायकल शिकल्या त्या वयात मी वडिलांच्या पुढ्यात उभी राहून लाँच धक्क्याला लावत होते. वडील गेले तेव्हा त्यांच्याकडून मला ना शेत मिळालं ना घर. हे एक तेवढं हातात राहिलं होतं, आणि लग्नानंतर तेही पोळपाटाखाली गेलं असं मी धरून चालले होते. त्यामुळे काठावर बोट उभी राहिली तेव्हा मला कोणी सोन्याच्या पाटल्या केल्या असत्या तरी तेवढा आनंद झाला नसता.

अर्थात मला कोणी विचारलं नाही. ड्रायव्हर म्हणून गेवराईकडचा एक माणूस आणला. नदीवर वाळूच्या होड्या हाकलेला. त्यानं काही दिवसांत भिंतीचे सगळे कोपरे उडवले, आणि एका दुपारी किल्ली मामंजींच्या हातात देऊन म्हणाला, "आप्पा, ह्या गाळ्यात म्हस बी शिरायची न्हाई." त्या दिवशी काठावर माणसं ताटकळली होती. मी पदर खोचला आणि बोटीत चढले. मला कोणी चढ म्हणालं नाही. उतर म्हणायचं तर माझ्याशी बोलावं लागलं असतं. मामंजी भिंतीवरून म्हणाले, "बोटे, संबाळून."

बोट टेम्पोसारखी वळत नाही, हे मामंजींना शेवटपर्यंत पटलं नाही. टेम्पोचं तोंड वळतं आणि बूड मागून येतं. बोटीचं बूड वळतं, कारण रेटा मागच्या इंजिनाचा असतो. तोंड उजवीकडे हवं तर ढुंगण डावीकडे फेकलं जाणार, आणि डावीकडे एक वीत सोडून भिंत. ब्रेक नाही. थांबायचं तर उलटा गिअर टाकायचा, आणि उलटा टाकला की बोट एका अंगाला ओढ घेते. दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटतो तो निराळाच. म्हणून बोट जेमतेम चालेल इतक्या वेगानं आणायची, मध्येच गिअर काढायचा, पुन्हा क्षणभर टाकायचा, आणि तोंड एकदा आत शिरलं की हात स्थिर ठेवायचा. एवढं सगळं मनात चालू असताना भिंतीवरून बोटीला सूचना. मी उजवीकडे घेतेय आणि ते बोटीला 'डावीकडं व्हय' म्हणतायत. मी न ऐकता बोट आत घेतली की मग बोटीचंच कौतुक. "शाब्बास बोटे."

बोट घासू नये म्हणून भिंतीला टायर बांधावा, तर तेवढी जागा नव्हती. टायर बांधला तर बोटच शिरेना. मग त्यांनी भिंतींना गोणपाट ठोकलं. मी आत्याबाईंमार्फत सुचवलं की पाहुणे काठावर उतरवावेत आणि रिकामी बोट सावकाश आत घ्यावी. उत्तर आलं, गिऱ्हाईक उंबऱ्यातूनच आत आलं पाहिजे आणि उंबऱ्यातूनच बाहेर गेलं पाहिजे. पावसाळ्यात पाणी चढलं आणि शटरचा खालचा अर्धा भाग गंजून पट्टीत बसला, तो शेवटी कापून काढावा लागला. उन्हाळ्यात पाणी इतकं मागे सरलं की गाळा कोरडा ठणठणीत, आत शेळ्या बसलेल्या. त्या दिवसांत मी बोट चिखलाच्या कडेला दोरानं बांधायचे, कुठे भिंत नाही, काही नाही. मी सुखात असायचे आणि मामंजी शेळ्या हाकलत कोरड्या गाळ्यात उभे असायचे.

रोज सकाळी ते आंघोळ करून, कपाळावर भस्माचे पट्टे ओढून यायचे आणि उरलेलं भस्म बोटीच्या तोंडाला लावायचे. थोडं स्टिअरिंगलाही. नेमकं तिथे, जिथे मी हात ठेवते. दिवसभर माझे तळवे पांढरे. मला चीड यायची, पण पुसून टाकलं असंही कधी झालं नाही.

खरी चीड पडद्याची. हार्डवेअरवाल्या आप्पांची सून बोट हाकते, ही गोष्ट पंचक्रोशीत पसरली, तेव्हा त्यांनी स्टिअरिंगच्या भोवती दांड्या ठोकल्या आणि फुलाफुलांचं कापड लावलं. पाहुण्यांनी विचारलं, "ड्रायव्हर कुठंय?" तर म्हणायचे, "हाय की आत." समोरून मला दिसायचं. उजवीकडून दिसायचं. डावी बाजू बंद. डावी भिंत मी रोज अंदाजानं घ्यायची. मी निरोप धाडला, "मामांना म्हणावं, पडद्यामुळं भिंत दिसत नाही." निरोप आला, "भित कुठं जाती का म्हनतेत."

अशा उत्तरावर माणसानं काय करावं?

एका दुपारी अंबाजोगाईच्या शाळेतल्या शिक्षिका सहलीला आल्या होत्या. हसत-खिदळत फेरी झाली. परत येताना वारा बोट ढकलायला लागला. मी वेग कमी करत तोंड गाळ्यात घातलं. त्याच वेळी डाव्या अंगाला बसलेल्या एका बाईंनी मांडीवरची पिशवी सावरायला म्हणून बोटीचा काठ घट्ट धरला. बोटं बाहेरून, भिंतीच्या बाजूला. मला ते दिसणं शक्य नव्हतं, मध्ये फुलाफुलांचं कापड होतं. मामंजींना दिसलं. ते डाव्या भिंतीवरच होते.

ते ओरडले, "बोटे, थांब! बोटे! थांब, बोटे!"

रोज ओरडायचे तसेच. मी रोजच्यासारखं सोडून दिलं.

मग भिंतीवर काहीतरी धपकन बसल्याचा आवाज आला. मामंजींनी भिंतीवर बसकण मारून दोन्ही पाय बोटीच्या काठाला लावले होते आणि जीव खाऊन बोट रेटत होते. बोट तेवढी सरकली, त्या बाईंनी हात काढला, आणि वाऱ्यानं बोट परत आली. त्यांचा एक पाय गोणपाटावरून घसरून मध्ये सापडला. मी उलटा गिअर टाकेपर्यंत जे व्हायचं ते झालं होतं. ते एकदाही ओरडले नाहीत. पांढरेफटक पडून म्हणाले, "पावन्यांना आदी उतरवा." हेही कोणाला म्हणाले ते कळलं नाही.

दवाखान्यात पायाला प्लॅस्टर झालं. पंजाची हाडं मोडली होती, दोन बोटं काढावी लागली. आत्याबाई उशाशी, मी पायथ्याशी. मामंजींनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, आणि मग सलाईनच्या बाटलीकडे तोंड करून म्हणाले, "सुनबाईला म्हनावं, बोटीला कुठं खरचटलं का बगा."

माझा तोल गेला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मी त्यांच्याशी बोलले, आणि तेही वॉर्डभर ऐकू जाईल अशा आवाजात. "मामा, तुम्ही मला हाक का मारली नाही?"

आत्याबाईंच्या हातातलं भांडं पडलं. मामंजींनी डोळे मिटले. मग बाटलीलाच म्हणाले, "चारचौगात सुनंचं नाव घेत न्हाईत."

म्हणजे चारचौघांत पाय चेंगरून घेतात, ते चालतं! त्या बाईंचा हात गेला असता तर? एक हाक मारली असती तर मी गिअर टाकला असता, पाचही बोटं घेऊन आप्पा संध्याकाळी घरी जेवायला आले असते. लोक दवाखान्यात भेटायला येत आणि म्हणत, "आप्पा, लई मोठं काम केलंत, बाईचा हात वाचवला." मी तिथे चहा देत उभी असायचे आणि मला तो कप आपटावासा वाटायचा. मोठं काम नव्हे ते. मोठ्या माणसाचा मोठा हट्ट होता.

घरी आल्यावर मी आत्याबाईंना म्हटलं, "मामांना म्हणावं, मला नावानं हाक मारल्याशिवाय मी स्टिअरिंगला हात लावणार नाही."

आत्याबाईंनी निरोप पोचवला नाही. भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "तूच सांग. माजं बी नाव त्यांनी कदी घेतलं न्हाई. 'ऐकलं का' वरच संपले मी." त्यांच्या तोंडून असलं काही मी कधी ऐकलं नव्हतं.

मीच सांगितलं. मामंजींनी ताट उचललं आणि भिंतीकडे तोंड करून जेवले.

बोट गाळ्यात पडून राहिली. मला वाटलं होतं, चार दिवसांत नमतील. नमले नाहीत. कपाळाला भस्म लावून, कुबडी टेकत रोज रिकाम्या काठावर जाऊन बसायचे. माझीही तीच गत होती. कणीक मळताना हात आपोआप गिअर टाकल्यासारखा पुढे जायचा. वडिलांचं म्हणून जे एकच उरलं होतं ते मी माझ्याच हातानं बंद केलं होतं, आणि त्यांनी मात्र पुन्हा गेवराईला फोन लावला. तोच वाळूवाला. म्हैसवाला. या वेळी मला खरोखर वाटलं की संपलं.

रविवार होता. परळीहून देवदर्शन करून आलेली मंडळी बोटीत बसली, म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया. मी डबा घेऊन काठावर आले होते, डब्यापुरतीच. फेरी ठीक झाली. परत येताना त्या वाळूवाल्यानं वेग तसाच ठेवून तोंड गाळ्यात घातलं, वाऱ्यानं बूड फेकलं, आणि बोट गाळ्याच्या तोंडाशी आडवी अडकली. तोंड उजव्या भिंतीला, कूस डाव्या भिंतीच्या टोकाला. त्यानं घाबरून इंजिन वाढवलं. बोट कलायला लागली. माणसं ओरडत एका अंगाला गोळा झाली आणि ती आणखी कलली. एका बाईनं कडेवरचं लेकरू भिंतीवरच्या माणसांकडे पुढे केलं.

डबा कुठे ठेवला मला आठवत नाही. हट्ट गेला खड्ड्यात, मी भिंतीवर पाय ठेवला होता.

मामंजींनी ते पाहिलं नव्हतं. त्यांची पाठ माझ्याकडे होती. कुबडीवर झुकून त्यांनी सवयीनं तोंड उघडलं, "बोटे—" आणि थांबले. मग अख्खे मागे वळले. कुबडी पडली. चारचौघांत काय, चाळीसेक माणसांत त्यांनी माझ्या तोंडाकडे बघून मला हाक मारली. नावानं. गळा फाटेल अशी.

"बगती काय? जा की आत!"

मी उडी टाकली. आधी इंजिन बंद केलं. त्या माणसाला बाजूला सारलं, मंडळींना जागच्या जागी खाली बसवलं, बांबूनं रेटून तोंड भिंतीपासून सोडवलं आणि बोट उलटी मोकळ्या पाण्यात नेली. तिथे पहिल्यांदा तो पडदा उपटला, दांड्यांसकट, आणि पाण्यात टाकला. डावी भिंत मला त्या दिवशी अखेर दिसली. वाऱ्याचा झोत जाऊ दिला आणि सावकाश आत आले. कुठेही न लागता.

मंडळी उतरून काठावर बसली, कोणी पाणी पीत होतं, कोणी देवाला हात जोडत होतं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मामंजींनी मारलेली हाक सुनेची नव्हती. आमच्यात लग्नात ताटातल्या तांदळावर मुलीचं नवं नाव लिहितात आणि जुनं माहेरी राहतं. माझं नवं नाव मामंजींनीच ठरवलं होतं. घरात, दारात, रेशनकार्डावर तेच. त्यांनी हाक मारली होती ती जुन्या नावानं. वडील लाँचवरून मारायचे त्या.

मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "हे नाव तुम्हाला माहीत होतं?"

ते माझ्याकडे बघूनच बोलले. "पत्रिकेवर छापलं व्हतं की."

पत्रिकेवर छापलं होतं! मला त्या क्षणी रडू यायला हवं होतं, असं आत्याबाई नंतर म्हणाल्या. मला आला तो राग. लग्न झाल्यापासून ते नाव या माणसाजवळ होतं. तोंडात तयार होतं. आणि त्या दुपारी ते बाहेर काढायच्या ऐवजी त्यांनी भिंतीमध्ये पाय घातला.

पुढे मामंजी असेपर्यंत बोट रोज गाळ्यात आली, आणि रोज ते भिंतीवरून माझ्या त्या नावानं ओरडत राहिले, डावीकडं घे, उजवीकडं घे, सगळं चुकीचं. मीही तितक्याच मोठ्यानं ओरडून उत्तर द्यायचे. लोक म्हणायचे, काय भांडतात सासरा-सून. आता बोट आत घेताना काठावर शांतता असते. त्या नावानं हाक मारणारं माणूस आता कुठेच उरलेलं नाही. ते नाव एवढी वर्षं फुकट का घालवलं, हे विचारायला मला मामंजी अजून एकदा समोर हवे आहेत.